व्हीनस प्रेशरचा अलार्म दर सिटिंगला वाजतोय? फिस्टुला नेमका कुठे अडलाय ते असं शोधा

तक्रार साधारण अशी येते. गेले दोन-तीन आठवडे डायलिसिस सुरू होऊन थोडा वेळ झाला की व्हीनस प्रेशरचा, म्हणजे रक्त शरीरात परत जातानाच्या दाबाचा, अलार्म वाजतो. टेक्निशियन येतो, सुई जराशी फिरवतो, पंप मिनिटाला ३०० मिलिलिटरवरून २५० वर आणतो, अलार्मची वरची मर्यादा थोडी वाढवून ठेवतो. मशीन गप्प बसतं. पुढच्या सिटिंगला पुन्हा तेच. मध्येच कुणीतरी हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) वाढवून बघतं. आणि मग एका सकाळी घरून फोन येतो, "थ्रिल लागत नाहीये, कानाला लावलं तर आवाजही नाही." थ्रिल म्हणजे फिस्टुल्यावर, डायलिसिससाठी हातात केलेल्या धमनी-शिरेच्या जोडावर, बोट ठेवलं की लागणारी गुरगुर.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. उपचार काय करायचा हे नेफ्रॉलॉजिस्ट आणि सर्जन ठरवतात, त्यात आपण पडायचं नाही. पण बिघाड पहिल्यांदा कळतो तो बेडपाशीच, कारण पेशंटच्या हातावर आठवड्यातून दोन-तीनदा बोट ठेवणारे आपण असतो. म्हणून हे नव्या टेक्निशियनसाठी आणि पेशंटच्या घरच्यांसाठीही लिहितोय. बंद पडलेला फिस्टुला उघडण्यापेक्षा चालू असलेल्या फिस्टुल्यातली अडचण काढणं फार सोपं असतं. त्यामुळे थ्रिल लागतेय तोवरच हालचाल करायची, एवढं धरून पुढचं वाचा.

आधी रक्ताचा रस्ता डोळ्यासमोर आणा. फिस्टुला म्हणजे हाताची धमनी शिरेला जोडलेली. ब्रेशिया, चिमिनो, अपेल आणि हर्विच यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधून १९६६ साली मनगटावरच्या या जोडाचा निबंध छापला, आणि आजही पहिली पसंती त्यालाच आहे. धमनीचं रक्त जोडातून शिरेत येतं, हातातून वर जातं, खांद्याखालून छातीतल्या मोठ्या शिरेत आणि तिथून हृदयात. या वाटेवर आपण दोन सुया टाकतो. जोडाच्या बाजूची आर्टेरियल सुई रक्त ओढते, वरची व्हीनस सुई ते परत देते. मशीनचे आकडे वाचायला एवढं पुरे. व्हीनस सुईच्या पुढे, म्हणजे हृदयाच्या बाजूला शीर अरुंद झाली की परत जाणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही आणि व्हीनस प्रेशर चढतं. जोड आणि आर्टेरियल सुई यांच्या मध्ये अरुंद झाली की पंपाला रक्त पुरत नाही, आर्टेरियल प्रेशर जास्त उणे होतं, आणि व्हीनस प्रेशर मात्र अगदी सज्जनासारखं राहतं. तिसरी जागा लबाड आहे. दोन सुयांच्या मधोमध अरुंद असेल तर मशीनला फारसं काही कळतच नाही, कारण पंप स्वतःच रक्त त्या जागेला वळसा घालून पुढे नेतो. ती जागा हाताने किंवा डॉप्लरनेच (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) सापडते.

आधी मशीन आणि सुई निर्दोष आहेत का ते बघा

प्रेशर एकाच सिटिंगमध्ये अचानक उडालं असेल तर शिरेला दोष देण्याआधी लाइन बघा. लाइन पेशंटच्या कुशीखाली दुमडली आहे का, क्लॅम्प अर्धवट उघडा राहिलाय का, व्हीनस चेंबरमध्ये गुठळी धरली आहे का. ट्रान्सड्यूसरचा (दाब मोजणाऱ्या भागाचा) फिल्टर रक्ताने किंवा सलाइनने ओला झाला असेल तर आकडाच खोटा येतो, तो बदला. सुईचं टोक शिरेच्या भिंतीला टेकलंय का, हे सलाइनची सिरिंज जोडून कळतं. ढकलताना अडतंय, किंवा ढकलल्यावर आजूबाजूला फुगवटा येतोय, तर सुई शिरेबाहेर गेली आहे. पंप ताबडतोब थांबवा. इथे "थोडं चालवून बघू" केलं की कोपरापासून दंडापर्यंत हात काळानिळा होतो आणि शीर काही आठवडे वापराबाहेर जाते. अशा वेळी पहिल्या दिवशी बर्फाचा शेक, नंतर कोमट. सूज उतरेपर्यंत त्या जागी सुई नाही.

सुईचा गेज (जाडीचा आकडा; आकडा मोठा तशी सुई बारीक) बदललाय का हेही बघा. स्टोअरमध्ये १६ संपल्या म्हणून आज १७ लावली, की तेवढ्याच पंपाला प्रेशर आपोआप वाढतं. एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं लागू पडून हिमोग्लोबिन ८ वरून ११ झालं असेल तर रक्त दाट होतं, आकडा थोडा त्यानेही सरकतो. म्हणून तुलना करायची ती सारख्या परिस्थितीत. माझी पद्धत अशी की सुरुवातीची पाच मिनिटं पंप २०० वर ठेवायचा, तेव्हाचं व्हीनस प्रेशर शीटवर कोपऱ्यात लिहायचं आणि मग डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगावर जायचं. जुन्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांमध्ये १५ गेज सुई आणि २०० पंपाला व्हीनस प्रेशरची १२५ मिमी एचजीच्या आसपासची धोक्याची रेषा दिली होती. आपल्याकडे १६ किंवा १७ गेज जास्त चालते, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा लावू नका. त्या पेशंटचा स्वतःचा नेहमीचा आकडा कोणता आणि सलग तीन सिटिंगला तो चढतोय का, हे बघा. एक दिवस वाढला आणि पुढच्या वेळी उतरला तर सोडून द्या.

आर्टेरियल प्रेशर मात्र बऱ्याच ठिकाणी बघितलंच जात नाही. ती छोटी लाइन क्लॅम्प करून ठेवलेली असते, कारण "उगाच अलार्म येतो". जोडा ती. उणे २०० ते २५० च्या पलीकडे जात असेल तर रक्ताची आवक कमी पडते आहे. लाइन जोडलेली नसली तरी खूण दिसते. पंपाच्या आधीचा नळीचा तुकडा चपटा होतो आणि पंपाच्या प्रत्येक फेऱ्याला थरथरतो. मशीनवर ३०० लिहिलेलं असतं, पण तेवढं रक्त प्रत्यक्षात जात नसतं.

हेपरिन वाढवण्याबद्दल एकदाच बोलतो. चेंबरमध्ये वारंवार गुठळ्या होतात म्हणून डोस वाढवला जातो. पण गुठळ्या होत असतात त्या पुढे वाट अडल्यामुळे किंवा आवकच कमी असल्यामुळे. डोस वाढवल्याने अरुंद शीर रुंद होत नाही, सुया काढल्यावर रक्त मात्र जास्त वेळ वाहतं. आणि मग तीच सर्वांत उपयोगी खूण पुसली जाते, कारण सगळे म्हणतात, "हेपरिनमुळे वाहतंय."

ती खूण म्हणजे सुई काढल्यावर रक्त थांबायला लागणारा वेळ. बहुतेकांचं दहा मिनिटांत थांबतं. ज्याचं नेहमी आठ मिनिटांत थांबायचं त्याला आता वीस मिनिटं दाबून बसावं लागतंय, औषधांत काही बदल नाही, क्लोपिडोग्रेलसारखं रक्त पातळ करणारं औषध नव्याने सुरू झालेलं नाही, आणि हे सलग काही वेळा झालं, तर शिरेत दाब साचतोय असं समजा. ही गोष्ट मशीनपेक्षा नातेवाइकांना जास्त ठाऊक असते. बाहेर बाकावर कापूस दाबून बसलेल्या बायकोला विचारा, ती बरोबर सांगते: "दिवाळीपर्यंत पटकन थांबायचं, आता गाडीत बसेपर्यंत धरून ठेवावं लागतं."

हाताने तपासणी: सुया टाकायच्या आधी

याला दोन मिनिटं लागतात आणि एक पैसा लागत नाही. पेशंटने हात साबणाने धुतलाय, अजून स्पिरिट लावलेलं नाही, ही वेळ. शर्टाची नुसती बाही वर करून भागत नाही, खांदा आणि छाती उघडी हवी.

आधी बघा. दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवा. फिस्टुल्याचा अख्खा हात सुजलाय का? त्या बाजूला छातीवर, खांद्यावर निळ्या शिरांचं जाळं उमटलंय का? असेल तर अडथळा छातीतल्या मोठ्या शिरेत आहे, हातात शोधत बसू नका. अशा पेशंटची जुनी फाइल काढली की बऱ्याचदा त्याच बाजूच्या कॉलरबोनखालून टाकलेलं कॅथेटर (डायलिसिसची तात्पुरती नळी) सापडतं. सबक्लेव्हियन कॅथेटर टाळा, टाकायचंच तर उजव्या मानेच्या जुग्युलरमध्ये टाका असं जे सांगतात, त्याचं कारण हेच. कॅथेटर महिन्याभरात निघतं, त्याचा व्रण शिरेत राहतो आणि दोन वर्षांनी त्याच हातावर फिस्टुला केला की हात सुजतो.

मग हात वर करायला सांगा. पेशंट आडवा, हात सरळ छताकडे. मनगटाचा चांगला फिस्टुला हात वर गेला की चपटा होतो, कारण रक्त उताराने हृदयाकडे पळतं. तो टम्मच राहिला तर वर कुठेतरी वाट अडली आहे. कधीकधी अर्धी शीर चपटी होते आणि अर्धी फुगलेली राहते. मग अडथळा त्या दोन भागांच्या सीमेवर, तिथे पेनाने खूण करा. कोपराच्या फिस्टुल्यात प्रवाह जास्त असतो, तो पुरता चपटा होईलच असं नाही. ग्राफ्ट म्हणजे कृत्रिम नळी, तिच्यावर ही चाचणी चालतच नाही.

आता बोटं ठेवा. इथे नवीन मुलं हमखास फसतात. बोटाला काहीतरी जोरात उडतंय, म्हणून "थ्रिल मस्त आहे" असं शीटवर लिहितात. थ्रिल म्हणजे सतत चालणारी बारीक गुरगुर, दोन ठोक्यांच्या मध्येही न थांबणारी. प्रत्येक ठोक्याला बोट उचलणारा उसळता धक्का ही नाडी. फिस्टुल्याला जोडापाशी थ्रिल हवी आणि शीर दाबली तर मऊ हवी. पुढे चिमटा काढलेल्या रबरी नळीसारखी ती ताठ लागत असेल आणि प्रत्येक ठोक्याला उडत असेल, तर पुढे अडथळा आहे. बोट तसंच वर वर सरकवत न्या. उसळी जिथे संपते आणि लगेच पुढे एकाच छोट्या जागी थ्रिल लागते, ती अरुंद जागा.

पुढची चाचणी उलट बाजूची. एका हाताने शीर वरच्या बाजूला दाबून पूर्ण बंद करा, दुसऱ्या हाताची बोटं जोडाजवळ ठेवा. आवक चांगली असेल तर नाडी लगेच जोरात उसळायला लागते. मलूलच राहिली तर अडथळा जोडापाशी किंवा त्याच्याही आधी, धमनीत आहे. एक फायदा आणखी. शीर दाबून धरल्यावर जोडाची थ्रिल थांबायला हवी. थांबत नसेल तर मधून बाजूला एखाद्या शिरेचा फाटा निघालेला आहे आणि रक्त तिकडून पळतंय. नवा फिस्टुला मोठा होत नसेल तेव्हा हे आवर्जून करून बघा.

शेवटी स्टेथोस्कोप. चांगला आवाज खोल, घोगरा आणि सलग. अरुंद जागेवर तो शिट्टीसारखा चढा होतो आणि तुटक, फक्त ठोक्याबरोबर येतो. घरी स्टेथोस्कोप नसला तर फिस्टुला कानाला लावून ऐका. रोज सकाळी ऐकणाऱ्या पेशंटला आवाज बदललेला आमच्या आधी कळतो.

आता आकडे आणि हात एकत्र वाचा. व्हीनस प्रेशर चढतं, रक्त थांबायला वेळ लागतो, शीर ताठ, हात वर केला तरी चपटी होत नाही: अडथळा जाण्याच्या वाटेवर. आर्टेरियल जास्त उणे, शीर लुळी, सुई टाकायलाच त्रास, वर दाबलं तरी उसळी नाही: अडथळा येण्याच्या वाटेवर. अंदाज बांधायला फिस्टुल्याचा प्रकारही मदत करतो. मनगटाच्या फिस्टुल्यात जोडाच्या पुढचे पहिले काही सेंटिमीटर, कोपराच्या फिस्टुल्यात खांद्याजवळ शीर वळून आत शिरते ती कमान, ग्राफ्टमध्ये शिरेकडचा जोड. या तीन जागा आधी बघा.

युरिया नीट उतरत नसेल तर त्याचाही संबंध इथे असू शकतो. सिटिंगआधीच्या आणि नंतरच्या युरियात ६५ टक्के घट अपेक्षित धरतात. ती येत नाही म्हटलं की तास वाढवायची चर्चा सुरू होते. पण आवक कमी असताना पंप जास्त ओढतो, तेव्हा नुकतंच स्वच्छ होऊन परत गेलेलं रक्तच पुन्हा ओढलं जातं, मग तास वाढवून काय होणार? हे दोन सुया फार जवळ टाकल्यानेही होतं, लाइनी उलट्या जोडल्या गेल्याने तर नक्कीच. सुयांच्या टोकांमध्ये पाचेक सेंटिमीटर अंतर ठेवा आणि नवीन फिस्टुल्यात रक्त कुठून कुठे वाहतंय हे मध्ये बोट दाबून खात्री करून घ्या. दाबल्यावर जो भाग उसळतो ती जोडाची बाजू.

डॉप्लर 'नॉर्मल' आला म्हणून थांबू नका

आमच्याकडच्या एका काकूंचा कोपराचा फिस्टुला. प्रेशर चढत चाललेलं, रक्त थांबायला वेळ, दंडातली शीर टणक. डॉप्लरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं "फिस्टुला डॉप्लर", एवढंच. रिपोर्ट आला, फिस्टुला चालू आहे, जोड मोकळा आहे. तो खराही होता. प्रोब दंडाच्या मध्यापर्यंतच फिरवला होता. काकूंची उसळी खांद्याच्या खड्ड्यापर्यंत जात होती आणि तिथे अचानक संपत होती. नेफ्रॉलॉजिस्टांनी दुसऱ्या चिठ्ठीत "खांद्याजवळची कमान बघा" असं लिहिलं आणि मग फिस्टुलोग्राममध्ये (रंगद्रव्य सोडून काढलेला शिरेचा एक्स-रे) तिथेच अरुंद जागा दिसली. चिठ्ठी नीट असती तर एक फेरी वाचली असती. काकू तालुक्याहून एसटीने येतात.

म्हणून डॉप्लर सांगताना काय हवंय ते लिहून मागा: दंडाच्या धमनीत मोजलेला प्रवाह मिलिलिटर प्रति मिनिट, शिरेचा व्यास, कातडीपासून खोली, अरुंद जागा जोडापासून किती अंतरावर आणि किती टक्के. नव्या फिस्टुल्याला सहाचा नियम लावतात: साधारण सहा आठवड्यांनी प्रवाह ६००, व्यास ६ मिलिमीटर, खोली ६ मिलिमीटरपेक्षा कमी. सगळेच त्यात बसतात असं नाही, पण सहा आठवड्यांनीही शीर बोटाला सापडत नसेल तर "बॉल दाबत राहा, होईल" म्हणून महिने घालवण्यात अर्थ नाही. बॉलने स्नायू हलतात, जोडापाशी अडलेली शीर उघडत नाही. चालू फिस्टुल्याचा प्रवाह ४००-५०० च्या खाली आणि ग्राफ्टचा ६०० च्या खाली गेला की बंद पडायची भीती वाढते.

छातीतल्या शिरा हाडाआड असल्याने डॉप्लरमध्ये नीट दिसत नाहीत. हात सुजलेला असेल तर फिस्टुलोग्रामच लागतो. त्याचा फायदा असा की अरुंद जागा दिसली की त्याच टेबलावर ती रुंद करणारा फुगा टाकता येतो. ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते त्यांनी ते आधी सांगावं, कारण त्यात रंगद्रव्य शिरेत सोडतात.

एक सावधगिरी उलट बाजूचीही. आकडा थोडा चढला म्हणून लगेच फुगा मारून घेऊ नका. शीर ५० टक्क्यांहून अधिक अरुंद आहे आणि सोबत वर सांगितलेल्या खुणांपैकी काही आहे, तेव्हा उपचार करतात. नुसता डॉप्लरचा टक्का, बाकी डायलिसिस सुरळीत, हात मऊ, रक्त वेळेत थांबतंय, अशा फिस्टुल्याला छेडण्याचा फायदा दिसलेला नाही. अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०१९ च्या सूचनाही हेच सांगतात.

फुगा, आणि तो केल्यावरही पुन्हा अडणं

अँजिओप्लास्टीत शिरेतून तार नेऊन अरुंद जागी फुगा फुगवतात. फिस्टुल्याच्या शिरेतला व्रण हृदयाच्या धमनीतल्या चरबीसारखा नसतो. तो चिवट, तंतुमय असतो, त्यामुळे जास्त दाबाचे फुगे लागतात आणि फुगवताना दुखतंही. पेशंटला हे आधी सांगा, नाहीतर तो घाबरतो. केल्यावर अरुंदपणा ३० टक्क्यांच्या आत राहिला आणि थ्रिल परत आली तर काम झालं.

झालं म्हणजे काही काळापुरतं. धमनीच्या दाबाने शिरेत येणारं रक्त, तिथली भोवरे धरणारी धार, सुयांच्या जखमा, यांनी शिरेचा आतला थर पुन्हा जाड होत जातो. त्यामुळे सहा-आठ महिन्यांनी तीच जागा परत अडली तर डॉक्टरने फसवलं असं समजू नये. औषध लावलेले फुगे आता मिळतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ३३० पेशंटच्या एका चाचणीत सहा महिन्यांनंतर ती जागा उघडी राहिल्याचं प्रमाण औषधी फुग्याने ८२ टक्के आणि साध्या फुग्याने ६० टक्के आलं. सगळ्याच चाचण्यांत इतका फरक आलेला नाही आणि किंमत बरीच जास्त आहे, तेव्हा पहिल्याच वेळी तो घ्यावा का हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. अंतर मात्र मोजा. तीन महिन्यांच्या आत दोनदा फुगवावं लागलं तर सर्जनचं मत घ्यायची वेळ झाली. मनगटाच्या जोडाजवळची अडचण असेल तर जोड थोडा वर नव्याने करणं हा छोटा आणि टिकाऊ उपाय आहे, आणि वरची पिकलेली शीर वापरात राहते. कमान अडली असेल तर स्टेंट-ग्राफ्ट (शिरेला आतून उघडी धरणारी, अस्तर लावलेली जाळी) किंवा शीर दुसरीकडे वळवणं असे पर्याय असतात.

पैशांचं आधी बघून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं म्हणून फुगाही बसेल असं धरून निघू नका. आरोग्यमित्राला प्रक्रियेचं नाव सांगून, ज्या हॉस्पिटलात जायचंय तिथे मंजुरी मिळते का हे विचारून मगच गाडी करा.

थ्रिल गेली तर

आवाज नाही, थ्रिल नाही, शीर दोरीसारखी टणक किंवा दुखरी. सोमवारच्या सिटिंगची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन. गुठळी ताजी असेल, साधारण ४८ तासांच्या आत, तर औषधाने विरघळवून किंवा काढून फिस्टुला वाचण्याची शक्यता बरी असते. चोळू नका, तेल लावू नका, "बघू तरी" म्हणून सुई टाकू नका. गुठळी काढताना तिच्यामागची अरुंद जागाही उघडावी लागते, नाहीतर आठवड्यात परत तेच. मधल्या वेळात पोटॅशियम आणि दम यांच्यावर लक्ष. ते धोक्याचं असेल तर आधी तात्पुरतं कॅथेटर आणि डायलिसिस, फिस्टुला नंतर.

आधीच अरुंद असलेली शीर बंद पाडायला निमित्त छोटं पुरतं. चार किलो पाणी एका सिटिंगमध्ये ओढलं आणि बीपी ८० वर आलं, उन्हाळ्यात जुलाब झाले, सुई काढल्यावर पट्टी आवळून बांधली आणि पेशंट तसाच झोपला. पट्टी बांधल्यावर तिच्या वर आणि खाली दोन्हीकडे थ्रिल लागली पाहिजे. घट्ट बांगड्या, ब्लाउजची आवळलेली बाही, दंडातला गंडा, हाताला लटकवलेली बाजाराची पिशवी, हे सगळं दुसऱ्या हातावर न्या. बीपीचा पट्टा आणि सलाइनची सुईही तिकडेच.

ताबडतोब कळवायच्या आणखी काही गोष्टी

दर वेळी एकाच जागी सुई टाकली तर तिथली भिंत पातळ होऊन शिरेला फुगवटा येतो. पेशंटच तसं मागतात, कारण तिथे दुखत नाही, आणि आपल्यालाही ती जागा सोपी जाते. जागा शिडीच्या पायऱ्यांसारखी दर वेळी पुढे सरकवा. फुगवटा जुना, मऊ आणि कातडी जाड असेल तर नुसतं लक्ष ठेवतात. कातडी ताणून चकाकायला लागली, खपली धरली आणि ती पडतच नाही, आकार आठवड्यात वाढला, तर तो कधीही फुटू शकतो, तिथे सुई बंद आणि सर्जनकडे त्याच दिवशी. घरी फुटलाच तर पेशंटला आडवं करा, हात वर धरा आणि बोटाने नेमक्या भोकावर दाबून ठेवा. मोठा टॉवेल गुंडाळला तर रक्त टॉवेलात जिरत राहतं आणि कुणाला कळत नाही. १०८ ला फोन दुसऱ्याने करायचा, दाबणाऱ्याने बोट सोडायचं नाही.

डायलिसिस चालू असताना बोटं गार पडणं, पांढरी होणं, दुखणं म्हणजे फिस्टुला बोटांच्या वाटचं रक्त ओढून घेतोय. फिस्टुला हलका दाबल्यावर बोटांत ऊब आणि मनगटाची नाडी परत आली तर शंका पक्की. थोडं असेल तर हातमोजा घालून भागतं, रात्रीही दुखत असेल किंवा बोटाला जखम झाली असेल तर भागत नाही. ऑपरेशननंतर काही तासांतच हाताची शक्ती गेली आणि जबर दुखू लागलं तर ती सूज वगैरे नव्हे, लगेच परत न्या.

कॅथेटरवाल्यांसाठी दोनच गोष्टी, कारण तो स्वतंत्र विषय आहे. फ्लो येत नाही म्हणून दर वेळी लाल-निळी बाजू उलटी जोडणं ही एका सिटिंगची सोय झाली. आधी मान, बसण्याची पद्धत, खोकला करून बघा, मग युरोकायनेजचा लॉक (गुठळी विरघळवणारं औषध कॅथेटरमध्ये भरून ठेवणं), आणि तरी नाही तर एक्स-रेवर टोक कुठे आहे ते बघायला सांगा. आणि मशीनला जोडल्यावर थंडी वाजून ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन सिटिंग पुरी करू नका. डॉक्टरांना तिथेच बोलवा, अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर गेलं पाहिजे.

फिस्टुल्याचा पेशंट पुढे पाठवताना चिठ्ठीत "फिस्टुला प्रॉब्लेम" असं लिहू नका. असं लिहा: "डावा कोपर फिस्टुला, दीड वर्ष जुना. २०० पंप, १६ गेजला व्हीनस प्रेशर महिन्याभरात चढत गेलं (आकडे मागे). रक्त थांबायला २५ मिनिटं, आधी १०. हात वर केल्यावर चपटा होत नाही, उसळी खांद्यापर्यंत, जोडापाशी आवक चांगली. हात सुजलेला नाही. उजव्या मानेत पूर्वी कॅथेटर होतं. शेवटचं डायलिसिस बुधवारी." असा कागद हातात आला की फुगा टाकणाऱ्याला सुई कुठून घालायची हेसुद्धा त्यावरूनच ठरवता येतं.

अँजिओप्लास्टी करून पेशंट परत आला की पहिल्याच सिटिंगला २०० पंपाचं प्रेशर, सुईचा गेज आणि रक्त थांबायला लागलेली मिनिटं फाइलच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा. पुढच्या प्रत्येक सिटिंगची तुलना आता त्या आकड्यांशी करायची, जुने विसरा.